चाचणीवाला ‘तटस्थ’ की ‘निःपक्षपाती’?

भाषांतरवाला: २००३च्या इराक युद्धावेळच्या अमेरिकी जनमत चाचण्यांवरचा लेख मराठीत आणतोय. चाचणी घेणाऱ्या संस्थेला तटस्थ म्हणू, त्रयस्थ की निःपक्षपाती? आमच्या संपादकबाई म्हणतात, ‘सगळं एकच, तटस्थ लिहून टाका.’ मला पटेना.

जुनी वही: पटू नयेच. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. चाचणीवाला काठावर कसा राहील? प्रश्न तोच रचतो, पाणी तोच ढवळतो. शिवाय प्रश्नावलीत ‘तटस्थ’ हा उत्तराचा पर्याय असतो, तो गोंधळ वेगळाच. त्रयस्थाला तर फक्त भांडणाबाहेरचा असणं पुरतं. ‘निःपक्षपाती’मध्ये माप कुठल्या बाजूला पडतं ते येतं, म्हणून तोच घ्या.

जानेवारी २००३मध्ये प्यू या अमेरिकी चाचणी संस्थेनं विचारलं, सद्दामची राजवट संपवायला लष्करी कारवाई करावी का? ६८ टक्के बाजूनं. त्याच प्रश्नाला शेपूट जोडलं, ‘अमेरिकेचे हजारो सैनिक हताहत झाले तरीही?’ बाजूनं ४३, विरोधात ४८. संस्था तीच आणि आकडे दोन्ही खरे. आता यातला एकच मथळ्यात घेणारं वर्तमानपत्र काय करतं, त्याला मराठीत फर्मास शब्द आहे: झुकतं माप. ‘पूर्वग्रह’ नको, तो मनात असतो. हे तराजूत दिसतं.

भाषांतरवाला: अरे बापरे. माझा मथळा आहे ‘अमेरिकेचा युद्धाला कौल’!

मालवणकर: कौल मूळ अरबी, म्हणजे शब्द, वचन. शिवकाळात कौलनामा तो हाच. पण आमच्याकडे कौल देवाचा. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, मग उजवी पडते की डावी याकडे डोळे. गाऱ्हाणं मात्र मोठ्यानं, सगळ्यांसमोर. काय मागितलंय ते देवळातल्या पोरालाही ऐकू येतं. पेपरवाले गाऱ्हाणं गाळतात आणि नुसती पाकळी छापतात.

सायंकाळ: रशियात काय म्हणाल? तिथल्या लेवाडा या जनमत चाचणी केंद्राला सरकारनं २०१६मध्येच ‘परदेशी हस्तक’ ठरवलं, म्हणजे ते काही सरकारचं पित्तू नव्हे. पण तेही ‘युद्ध’ हा शब्द न वापरता ‘युक्रेनमधल्या रशियन सैन्याच्या कारवाईला पाठिंबा आहे का’ असंच विचारतं. मार्च २०२२पासून सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंग. विचारणारा निःपक्षपाती असेलही, उत्तर भिडेचं.

जुनी वही: भीड नव्हे हो. भीड सासऱ्यांची असते, पोलिसांची धास्ती.

सायंकाळ: मान्य. धास्तीचं.

भाषांतरवाला: मथळ्यातला ‘कौल’ काढला. चौकटीत प्यूचे दोन्ही प्रश्न शब्दशः टाकतोय. बाई जागा नाही म्हणणार, ते बघतो.