डेअरडेव्हिल कुठल्या लेखकापासून वाचायला द्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी फोंड्याची. माझा भाचा तेरा वर्षांचा आहे. चवथीला तो घरी आला की त्याच्या हाती डेअरडेव्हिल हा मार्व्हलचा सुपरहिरो कॉमिक द्यायचाय. पण ही मालिका १९६४ पासून चाललीय, लेखक कितीतरी झाले. सुरुवात कुणापासून करू?

बहुतेक जण फ्रँक मिलर सांगतील. १९८१ मध्ये लेखन हाती घेतलं आणि त्याच अंकात त्याने नायकाची जुनी प्रेयसी इलेक्ट्रा आणली, हे मोठंच काम. १९८६ ची ‘बॉर्न अगेन’ मी दर पावसाळ्यात वाचते. मॅटची, म्हणजे डेअरडेव्हिलची, आई जोगीण आहे, चर्चमध्ये त्याची शुश्रूषा करते. चर्चच्या घंटा ऐकत वाढलेल्या आपल्याला ते पान जास्त भिडतं, असं मला वाटतं. पण तेराव्या वर्षी ती कथा फार काळोखी नाही का होणार?

माझी सगळ्यात लाडकी लेखिका ॲन नोसेंटी. खलनायकालाही ती माणूस म्हणून बघते. टायफॉइड मेरी ही खलनायिका तिचीच. नोसेंटीबद्दल फार कमी बोललं जातं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मार्क वेडचे २०११ पासूनचे अंक हसरे, उजळ आहेत. अंध मॅटला जग कसं ‘दिसतं’ हे चित्रांतून छान कळतं. तिथून सुरू करून मग मागे जावं का? तुम्ही घरातल्या मुलांना काय दिलंत? आणि पणजी-म्हापशाकडे कुणाकडे नोसेंटीचे जुने अंक असतील तर वाचायला द्याल का? प्लास्टिकमध्ये ठेवीन, ओल लागू देणार नाही.