विषय: वळिवड्याला आलेला तो पोलिश मंत्री

प्रेषक: कोल्हापूरकर काका

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवाच्या हिशेबाचा मेल मिळाला. माझे उरलेले पैसे आज पाठवतो. पण एक शंका डोक्यात घोळतेय.

सप्टेंबर २०१९ मध्ये मी घरी होतो, तेव्हा पोलंडचा उपपरराष्ट्रमंत्री कोल्हापुरात आला होता. महायुद्धात पोलिश निर्वासित राहिले होते त्या वळिवड्याच्या छावणीच्या आठवणीसाठी स्तंभ उभारला, त्या कार्यक्रमाला. छावणीत लहानपण काढलेली काही पोलिश म्हातारी माणसंही आली होती. मंत्री अगदी तरणा गडी, नाव मात्र जिभेवर बसेना. सप्टेंबर २०२५च्या सुरुवातीला ट्रम्पना भेटायला गेलेल्या पोलिश अध्यक्षांच्या बातमीत तोच दिसला असं वाटलं. तोच का? आणि मंत्री होता, तर अध्यक्षांच्या मागं काय करतोय?

— काका

प्रेषक: वॉर्साची ताई

काका, तुमची नजर पक्की आहे. तोच तो, मार्चिन प्शिदाच. लिहितात भलतंच, पण म्हणायचं 'प्शिदाच'.

जन्म १९८५चा, म्हणजे तुम्ही पाहिलात तेव्हा चौतीस वर्षांचा. क्राकूफच्या यागिएलोनियन विद्यापीठात कायदा शिकला. आधी अध्यक्ष दुदांच्या कार्यालयात परराष्ट्र विभागात होता, तिथून २०१९च्या सुरुवातीला उपमंत्री झाला. तेव्हा सरकार 'कायदा आणि न्याय' पक्षाचं, म्हणजे इथल्या सनातनी उजव्यांचं. बेलारूस आणि युक्रेन ही तापलेली प्रकरणं त्याच्याकडे आली. टोकियो ऑलिंपिक आठवतं? बेलारूसच्या धावपटू त्सिमानौस्कायाला तिचेच अधिकारी जबरदस्तीने मायदेशी पाठवायला निघाले होते. तिला पोलंडने मानवतावादी व्हिसा दिल्याचं ऑगस्ट २०२१ मध्ये यानेच जाहीर केलं. मला विचाराल तर त्याच्या कारकिर्दीतला तो सगळ्यात चांगला दिवस.

जानेवारी २०२३ मध्ये तो पुन्हा अध्यक्षांकडे गेला, या वेळी आंतरराष्ट्रीय धोरण विभागाचा प्रमुख म्हणून. त्याच उन्हाळ्यात पोलंडमध्ये येणाऱ्या युक्रेनच्या धान्यावरून वाद पेटला. पोलंडने आपल्यासाठी काय केलं याची युक्रेनने आता कदर करायला हवी, असं हा बोलून गेला. कीव्हने पोलिश राजदूताला बोलावून जाब विचारला, तर वॉर्साने युक्रेनच्या. युद्धातल्या मित्राला असं ऐकवणारा राजनयिक मला तरी कच्चा वाटतो. ऑक्टोबरात तो खासदार झाला, पण त्याच निवडणुकीत पक्षाची सत्ता गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये नाव्ह्रोत्स्की अध्यक्ष झाले आणि त्यांनी याला जुन्याच खुर्चीत बसवलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राज्यघटनेत आहे. कलम १४६ म्हणतं, परराष्ट्र धोरण मंत्रिमंडळ चालवणार. कलम १३३ म्हणतं, बाहेर देशाचं प्रतिनिधित्व अध्यक्ष करणार, राजदूत नेमणार आणि परत बोलावणारही तेच. फक्त पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्र्यांशी सहकार्य ठेवायचं. सगळे एका गोटातले असले की हे 'सहकार्य' कुणाला आठवतही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये विरोधी गोटातल्या तुस्क यांचं सरकार आलं आणि सिकोर्स्की परराष्ट्रमंत्री झाले. पुढच्या मार्चमध्ये त्यांच्या खात्याने पन्नासहून जास्त राजदूत परत बोलवायचं ठरवलं. अध्यक्ष दुदा जुन्या सरकारच्या गोटातले, ते सही करेनात. मग कितीतरी दूतावासांत राजदूताच्या जागी प्रभारी बसले. त्या वॉशिंग्टनच्या भेटीआधी परराष्ट्र खात्याने सरकारची भूमिका लिहून अध्यक्षांकडे पाठवली, आणि त्यावरूनही जुंपली. सिकोर्स्कींना उत्तर द्यायला अध्यक्षांच्या बाजूने पुढे आला तो प्शिदाच.

गंमत म्हणजे हेच सिकोर्स्की २००५ ते २००७ याच 'कायदा आणि न्याय'वाल्यांच्या सरकारात संरक्षणमंत्री होते. त्यामुळे दोघांना एकमेकांची दुखरी जागा नेमकी ठाऊक.

— ताई

प्रेषक: हॅम्बुर्गकर

ताई, माहिती छान, पण कोल्हापुरात हार घालून घेतला म्हणून त्याच्या पक्षाला विसरू नका. बाहेरच्यांविरुद्ध भाषणं ठोकायची, आणि यांच्याच परराष्ट्र खात्यात पैसे घेऊन व्हिसे वाटले गेले! बॉलिवूडचं युनिट असल्याचं दाखवून मुंबईतून व्हिसे काढल्याच्या बातम्या होत्या. हाच ना तो उपमंत्री?

प्रेषक: वॉर्साची ताई

हा नाही. त्या प्रकरणात ऑगस्ट २०२३च्या अखेरीस पद गेलं ते पिओत्र वावझिक या दुसऱ्या उपमंत्र्याचं. प्शिदाच तोवर खातं सोडून गेला होता. पक्षाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी इथेच राहते, मला रोज ऐकू येतं. पण एकाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायचं नाही.

आणि २०२२ मध्ये युक्रेनमधून पळालेली आपली मुलं याच सरकारच्या काळात व्हिसा न मागता सीमेच्या आत घेतली गेली, तेही लक्षात असू द्या. मी त्या आठवड्यात पोळ्या लाटून लाटून थकले होते.

प्रेषक: कोल्हापूरकर काका

राजदूतांचं वाचून हसू आलं. म्हणजे आपली राज्यपालनियुक्त बारा आमदारांची फाईलच की! तिकडं राजभवन, इथं अध्यक्षांचा वाडा. नावं जातात, सही काही येत नाही.

हॅम्बुर्गकर, हार मी नव्हता घातला बरं का, गर्दीत मागं उभा होतो. मला ओढ वळिवड्याची. १९४३ ते १९४८ तिथं पाचेक हजार पोलिश माणसं राहिली, त्यात बायका-मुलंच जास्त, सैबेरियातून सुटून आलेली. फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी मंडळी आली आणि गांधीनगर झालं. आमची आजी शेवटपर्यंत त्या भागाला 'पोलंडवाल्यांचा कॅम्प'च म्हणायची. मंत्र्याचं भाषण मला धड आठवत नाही. एक म्हातारी खाली बसून माती चाचपत होती, ती आठवते.

ताई, तुमच्याकडंही कोल्हापूरचं स्मारक आहे ना? ऑगस्ट २०२४ मध्ये मोदी गेले होते ते?

प्रेषक: वॉर्साची ताई

हो, महायुद्धातल्या मोंते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ. ट्रामने जाता येतं. कधी येताय?

प्रेषक: कोल्हापूरकर काका

मे महिन्यात. ज्वारीचं पीठ आणू का?