भातसाचे पाणी वाटायचे कोणी?

घोडबंदरकर :
‘धरणे शहापुरात, मग पाणीवाटपही शहापूरच्या ग्रामसभांनीच करावे’ ही काल इथे मांडलेली भूमिका वाचून राहवले नाही. पाणी हा राज्यसूचीतला विषय आहे आणि मुंबई-ठाण्याला पाणी देणारे तिथले भातसा धरण राज्याच्या जलसंपदा विभागाचे आहे. पेसा कायद्याचा, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींना अधिकार देणाऱ्या कायद्याचा, दाखला दिला गेला. परंतु १९९६ चा तो कायदा पंचायतींकडे लघु जलसाठे सोपवतो, आणि भातसा लघु नव्हे. नवी मुंबईकडे स्वतःचे मोरबे धरण आहे. ठाणे महापालिकेचे एकही धरण नाही. प्रत्येक तालुक्याने असा हक्क सांगितला, तर आम्ही प्यायचे काय?

शहापूरची लेक :
माझे माहेर शहापूर तालुक्यातले. मुंबईला १८९२ पासून पाणी देणारा तानसा तलाव आमच्याच तालुक्यात, तरी एप्रिल उजाडला की आई टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसते. चार वर्षांपूर्वी हंडा उतरवताना विहिरीच्या काठावरून ती पडली. तिचे मनगट आजही नीट वळत नाही. इतकी धरणे उशाशी असताना आमच्यासाठी पाणी आणायची योजना इगतपुरीच्या भावली धरणातून आखावी लागते, ती राज्याच्या कोणत्या समन्यायी वाटपात बसते, हे आपण सांगावे.

घोडबंदरकर :
टँकरचे दुःख आम्हाला शिकवू नका. आमच्या संकुलात मे महिन्यात देखभाल खर्चापेक्षा टँकरचे बिल मोठे असते. टँकर कुठल्या विहिरीतून भरतो, पाणी कोणी तपासले, हे कोणीही सांगत नाही.

कळव्याचा रहिवासी :
आपण आपल्याच मुद्द्याला छेद देत आहात. भूजलाच्या नियमनासाठी राज्याने २००९ चा कायदा केला, तरी कोणाचा टँकर कुठे भरतो हे आपल्याला कळत नाही. पाण्याची शाश्वती नसताना टोलेजंग इमारतींना परवानगी मिळते, तीही सरकारी यंत्रणेकडूनच. हेच का ते राज्याचे नियोजन?

घोडबंदरकर :
परवानग्यांविषयी आपले म्हणणे नाकारता येत नाही. तरीही खोऱ्याचा एकत्रित हिशेब राज्यानेच ठेवावा, या मतावर मी ठाम आहे.

शहापूरची लेक :
हिशेब राज्याने जरूर ठेवावा. मात्र भातसाचे पाणी शहरांसाठी राखून ठेवण्यापूर्वी धरणालगतच्या गावांची पिण्याची गरज आधी वगळावी, आणि ती किती हे ग्रामसभेने लेखी द्यावे. एवढेही आपल्याला जास्त वाटते का?

घोडबंदरकर :
पिण्यापुरते असेल, तर नाही. शेतीच्या पाण्याबाबत मात्र मी हे मान्य केलेले नाही.