मदत हवी आहे : खरेदी केंद्राच्या निवेदनात ‘शॅम्बॉलिक’ हे इंग्रजी विशेषण चालेल का?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावचे शेतकरी कापूस खरेदी केंद्राच्या कारभाराबाबत एक निवेदन देणार आहेत. त्याची इंग्रजी प्रत वरिष्ठ कार्यालयाकडे जाणार असून तिचा मसुदा पुण्यात शिकणाऱ्या आमच्या गावच्याच एका मुलाने केला आहे. केंद्रावरील व्यवस्थेचे वर्णन त्याने ‘शॅम्बॉलिक’ असे केले आहे. क्रिकेटच्या इंग्रजी समालोचनात गचाळ क्षेत्ररक्षणाला हा शब्द सर्रास लावतात, असे तो सांगतो. परंतु आमच्याकडील जुन्या इंग्रजी-मराठी कोशात तो नाही आणि शाळेतील सरांनाही तो अपरिचित आहे.

परिस्थिती अशी की, टोकन आधी घेतलेल्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहतात आणि मागून आलेल्यांचा काटा अगोदर होतो; ओलावा मोजण्याचे यंत्र बंद पडले की प्रतवारी नुसत्या नजरेने उरकली जाते; आणि केंद्र आज बंद आहे, हे भाड्याची गाडी भरून तेथवर गेल्यावरच कळते. यास ‘शॅम्बॉलिक’ म्हटल्याने केवळ पसारा सूचित होतो की कारभार पाहणाऱ्यांवर ठपकाही येतो? अधिकाऱ्यांना हा शब्द उर्मट तर वाटणार नाही ना? मराठी प्रतीत त्या जागी काहींना ‘अनागोंदी’ हवे आहे, तर काहींना ‘गलथान’.

प्रतिसाद :
ठपका निश्चित येतो, आणि ‘केऑटिक’पासून (म्हणजे नुसते गोंधळाचे) हा शब्द वेगळा पडतो तो त्यामुळेच. वादळाने लोळवलेल्या पऱ्हाटीच्या शेताला कोणी ‘शॅम्बॉलिक’ म्हणणार नाही, कारण तेथे ढिसाळपणा कोणाचाच नसतो; नियोजन करणे ज्यांचे काम होते त्यांनी ते धड केले नाही, असा निवाडा या शब्दात असतो. म्हणून मराठीत ‘गलथान’ अधिक जवळचा आहे. ‘अनागोंदी’त कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, एवढेच मुख्यतः येते.

शब्द ब्रिटिश वळणाचा असून १९७० च्या सुमारास रूढ झाला. तो ‘शॅम्बल्स’ या नामावरून आला, आणि त्या नामाचा प्रवास मोठा विलक्षण आहे. जुन्या इंग्रजीत त्याच्या मूळ रूपाचा अर्थ बसण्याचे बाकडे असा होता. पुढे ते मांसविक्रीचे फळकूट झाले, मग मांसबाजार, मग कत्तलखाना. इंग्लंडमधील यॉर्क शहरात खाटकांच्या जुन्या गल्लीचे ‘द शॅम्बल्स’ हे नाव आजही टिकून आहे. रक्तपाताच्या जागेवरून नुसत्या बजबजपुरीपर्यंत अर्थ सौम्य होत आला तो विसाव्या शतकात.

मात्र इंग्रजी कोश या विशेषणाला ‘अनौपचारिक’ अशी खूण करतात. वृत्तपत्रातील टीकेत ते शोभते; निवेदनात वाचणाऱ्याला ते तिरकस वाटण्याचा संभव आहे. त्याऐवजी ‘पुअरली ऑर्गनाइज्ड’ किंवा ‘मिसमॅनेज्ड’ लिहावे. माझ्या मते तर विशेषणाआधी वस्तुस्थिती मांडावी, कारण टोकनाचा क्रम पाळला जात नाही हे वाक्य कोणत्याही विशेषणाहून अधिक अडचणीचे ठरते.

धागाकर्ता :
आभारी आहे. मुलाने आता ‘अ शॅम्बल्स’ असा पर्याय सुचवला आहे. अनेकवचनी रूपाआधी ‘अ’ हे एकवचनी उपपद कसे? शिवाय सर ‘डिसऑर्डर्ली’ हा सरळ शब्द घ्या म्हणतात.

प्रतिसाद :
‘अ शॅम्बल्स’ हे व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. शेवटी ‘स’ असला तरी ते नाम एकवचनी वापरतात. पण तेही बोलण्यातलेच, तेव्हा निवेदनात नको. ‘डिसऑर्डर्ली’ मात्र कटाक्षाने टाळा. तो शब्द गर्दीच्या बेशिस्त वर्तनासाठी, अगदी पोलिसी भाषेतही, इतका वापरला जातो की वाचणारा अधिकारी रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्यांनाच बेशिस्त समजेल, आणि तक्रार तुमच्यावरच उलटेल.