शतपावली बाराव्या दिवसाच्या पुढे का जात नाही?

कोथरूडकर
सप्रेम नमस्कार. माझे वय 47 असून नोकरी पूर्णपणे बैठी आहे. गेल्या वर्षी तपासणीत उपाशीपोटीची साखर सीमारेषेवर आली, तेव्हा डॉक्टरांनी औषध न देता जेवणानंतर चालण्याचा आणि वेळेवर झोपण्याचा सल्ला दिला. मी गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर एकदम चार संकल्प सोडले: पहाटे साडेपाचला उठणे, बारा सूर्यनमस्कार, दिवसाला 10,000 पावले आणि रात्री दहानंतर मोबाइल बंद. दहा दिवस उत्साहात गेले. अकराव्या दिवशी पाहुणे आले, बाराव्या दिवशी कार्यालयातून निघायलाच नऊ वाजले, आणि ‘आता मोडलेच आहे, तर पुढच्या सोमवारपासून’ असे म्हणता म्हणता दिवाळी आली. 21 दिवसांत सवय लागते असे सर्वत्र वाचले, परंतु मी त्या 21 पर्यंत कधी पोहोचलोच नाही. दोष माझ्या इच्छाशक्तीचा आहे की पद्धतीचा?

माणदेशी
आपण ज्या दोन आकड्यांना घाबरला आहात, त्यांचा उगम आधी पाहावा. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने 1960 साली लिहिले होते की, शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याशी रुळायला रुग्णांना साधारणपणे किमान 21 दिवस लागतात. पुढे लोकांच्या तोंडी त्यातला ‘किमान’ गळाला, चेहराही गळाला आणि उरला तो केवळ आकडा. 10,000 पावलांचेही तसेच आहे. 1965 मध्ये जपानात विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राचे ‘मानपो-केई’ हे नावच त्या आकड्यावरून ठेवले होते.

सवयींचा प्रत्यक्ष अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यात 96 जणांनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकच कृती निवडून ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली होती. कृती अंगवळणी पडण्याचा मध्यक 66 दिवस निघाला, मात्र व्यक्तीगणिक अंदाज 18 पासून 254 दिवसांपर्यंत पसरलेले होते. आपल्या कामाची गोष्ट अशी की, मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष बाधा आली नाही. तेव्हा आपला अकरावा दिवस निर्दोष आहे. घात केला तो ‘पुढच्या सोमवार’ने.

रातपाळी
मी परिचारिका आहे आणि माझी पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे घड्याळाला बांधलेली कोणतीही सवय माझ्याकडे टिकली नाही. टिकल्या त्या कामाला बांधलेल्या. चहाचे आधण ठेवले की ते उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा वरखाली करणे, हे मी सकाळी सहाला घरी आले तरी करते आणि दुपारी दोनला उठले तरी करते. दादा, तुम्ही ‘रात्री नऊ वाजता शतपावली’ असे न ठरवता ‘ताटे उचलली की पायात चप्पल’ असे ठरवून पाहा, आणि ती इतकी लहान ठेवा की ताप नसेल तर टाळायला कारणच सापडू नये: सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन परत. मोबाइलचा चार्जर दिवाणखान्यात नेऊन ठेवा आणि गजरासाठी साधे घड्याळ आणा. उशाशी ठेवलेल्या मोबाइलशी रोज रात्री झुंजण्यात काही पुरुषार्थ नाही.

स्नायुबंध
मी भौतिकोपचार करतो. जेवणानंतर रक्तातील साखर चढू लागते, त्याच वेळी पायांचे मोठे स्नायू हलते ठेवले तर ते ती साखर वापरू लागतात आणि त्यासाठी इन्शुलिनवरच सर्वस्वी अवलंबून राहत नाहीत. म्हणून ही चाल जेवणानंतर लवकर केलेली बरी. दोन ते पाच मिनिटांच्या सावकाश चालण्यानेही फरक दिसल्याचे अभ्यास आहेत. मात्र वरील सल्ल्याला एक पुरवणी जोडतो. फाटकापर्यंतची फेरी ही सवय लागण्यापुरती ठीक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी फेरी वाढवावीच लागेल. सलग दहा मिनिटांखालची हालचाल मोजू नये ही जुनी अट त्यात उरलेली नाही, हे तुमच्या पथ्यावर पडेल. इन्शुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच चालण्याच्या वेळा बदलाव्यात.

कोथरूडकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. चारपैकी तीन संकल्प तूर्त बाजूला ठेवले आहेत. सूर्यनमस्कारांची चटई माळ्यावर गेली, याचे थोडे वाईट वाटले. रातपाळीताई, तुमच्या सूचनेत एकच अडचण आली. आमच्याकडे ताटे सौभाग्यवती उचलत असत, त्यामुळे माझ्या उठण्याची खूण त्यांच्या हाती होती आणि मी बसूनच राहत होतो. आठ दिवसांपासून ताटे मी उचलतो. फेऱ्या सहा झाल्या, दोन चुकल्या.