ग्लासनेव्हिनची भिंत: बंडखोर आणि ब्रिटिश सैनिक एकाच यादीत असावेत का?

अनघा
आयर्लंडमधल्या डब्लिनच्या ग्लासनेव्हिन दफनभूमीत २०१६ साली, ईस्टर उठावाच्या म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या आयरिश बंडाच्या शताब्दीला, एक भिंत उभी राहिली. १९१६ च्या त्या आठवड्यात मेलेल्या सगळ्यांची नावं तिच्यावर होती: बंडखोर, सैनिक, पोलीस, रस्त्यावरची माणसं. कोण कुठल्या बाजूचा, ते लिहिलेलं नव्हतं. २०१७ मध्ये तिच्यावर रंग फेकला गेला, २०२० मध्ये हातोडे पडले, २०२२ मध्ये विश्वस्तांनी हा उपक्रमच बंद केला. मला हे अतिशय चुकीचं वाटतं. मेलेल्यांत निम्म्याहून जास्त साधे नागरिक होते, आणि त्यांची नावं एरवी कोण घेतं?

विश्वास
अनघाताई, तोडफोडीचं समर्थन मी करणार नाही, पण भिंतीला माझा विरोधच आहे. त्याच उठावात डब्लिनच्या नॉर्थ किंग स्ट्रीटवर ब्रिटिशांच्या साउथ स्टॅफर्डशायर रेजिमेंटच्या सैनिकांनी घरांत शिरून १५ नागरिक मारले. शिक्षा एकालाही झाली नाही. त्याच रेजिमेंटचे मेलेले सैनिक आणि हे १५ जण एका यादीत? आपल्याला मारायला आलेल्याचं नाव आपल्याच माणसाशेजारी कोरायला कुठला देश तयार होईल?

मंदार
‘मारायला आलेले’ सगळे बाहेरचे नव्हते. ब्रिटिश सैन्याच्याच रॉयल डब्लिन फ्युसिलिअर्स या रेजिमेंटमधली कितीतरी मुलं डब्लिनच्याच चाळवजा खोल्यांतून, पोटासाठी भरती झालेली. उठाव फसल्यावर बंडखोरांना शिव्या देणाऱ्यांत अशा सैनिकांच्या बायका होत्या.

विश्वास
त्यांना विसरा असं कुठे म्हणतोय? पहिल्या महायुद्धातल्या आयरिश सैनिकांसाठी डब्लिनमध्येच आयलंडब्रिजला बाग आहे, स्वातंत्र्यासाठी गेलेल्यांसाठी पार्नेल चौकात दुसरी. २०११ मध्ये राणी एलिझाबेथने दोन्हीकडे वेगवेगळं पुष्पचक्र वाहिलं. वेगळं ठेवण्यात कुणाचाच अपमान नाही.

अनघा
मग शॉन फॉस्टरला कुठल्या बागेत बसवायचं, ते सांगा. वय तीन वर्षंही पुरं नव्हतं. उठावाच्या पहिल्याच दिवशी आई त्याला बाबागाडीतून चर्च स्ट्रीटवरून नेत होती. बंडखोर आणि घोडदळाच्या गोळीबारात दोघं सापडली, आणि गोळी त्याला लागली. वडील १९१५ मध्येच ब्रिटिश सैन्यात लढताना गेलेले, आणि सख्खा मामा त्याच रस्त्यावर बंडखोरांत. एका घरातली तीन माणसं तुम्ही तीन ठिकाणी वाटणार?

विश्वास
नागरिकांची स्वतंत्र भिंत करा ना! पहिली सही माझी. फक्त प्रत्येक नावापुढे लिहा, कुणाच्या गोळीने गेला. नुसती नावं ठेवली की मारणारा आपोआप सुटतो.

अनघा
शॉनच्या बाबतीत गोळी कुणाची, हे आजही खात्रीने सांगता येत नाही.

विश्वास
तर त्याच्या नावापुढे ‘माहीत नाही’ लिहा. नॉर्थ किंग स्ट्रीटच्या १५ जणांचं माहीत आहे.