मदत हवी आहे : हायसिंथचे कंद जमिनीतच ठेवू की काढू?

मंडळी, मी न्यू जर्सीत राहते. अंगणात पायऱ्यांलगत हायसिंथ लावले आहेत, निळे 'डेल्फ्ट ब्लू' आणि पांढरे 'कार्नेगी'. ऑक्टोबरमध्ये साधारण १५ सेंमी खोल लावले होते. पहिल्या वसंतात, पाडव्याच्या आसपास, असे भरगच्च तुरे आले की दार उघडलं की वास घरभर! (निशिगंधावर वाढलेल्या माझ्या आईला मात्र तो जरा उग्रच वाटला.)

यंदा त्याच कंदांना पानं छान आली, पण तुरे विरळ, एकेका दांड्यावर मोजकीच फुलं. दुसऱ्या वर्षी हायसिंथ थोडे विरळ येतात हे माहीत आहे, पण इतके? फुलं सुकल्यावर दांडे कापले होते, पानं पूर्ण पिवळी होईपर्यंत तशीच ठेवली होती.

आमची माती चिकण आहे, आणि उन्हाळ्यात शेजारच्या लॉनचं स्प्रिंकलर तिथंही पाणी मारतं. सुप्तावस्थेत कंदांना कोरडं लागतं, म्हणून माझा संशय त्या पाण्यावरच आहे.

जूनमध्ये पानं वाळली की कंद काढून जाळीच्या पिशवीत, गॅरेजमध्ये ठेवावेत का? आमचं गॅरेज उन्हाळ्यात चांगलंच तापतं. की जागेवरच ठेवून वाफा उंच करावा? फुलं येऊन गेल्यावर खत कोणतं देता? ईशान्य अमेरिकेत कुणाचे हायसिंथ चार-पाच वर्षं टिकले असतील तर कृपया सविस्तर सांगा. दरवर्षी नवे कंद आणा, हा सल्ला नवऱ्याने आधीच दिलाय.